जागणाऱ्याची झोप

मेंदूत लसीकावाहिन्या नसतात, हे वाक्य आमच्या पिढीने शरीरशास्त्राच्या पुस्तकात वाचले आणि परीक्षेत लिहिलेही. बाकी सगळ्या शरीरात पेशींच्या भोवती साचणारा द्रव या वाहिन्या गोळा करतात, वाटेतल्या गाठींमधून गाळतात आणि पुन्हा रक्तात आणून सोडतात. हत्तीरोगाने सुजलेला पाय ज्याने पाहिला आहे, त्याला हा निचरा अडला की काय होते ते वेगळे सांगावे लागत नाही, आणि आमच्या किनाऱ्यावर असे पाय एके काळी पुष्कळ दिसत. मेंदूचे मात्र वेगळे मानले जाई. तिथल्या पेशी आपला बराचसा कचरा आपल्यातच जिरवतात आणि उरलेला हळूहळू झिरपत मेंदूभोवतीच्या द्रवात जातो, एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते. शरीराच्या वजनात ज्याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण जो शरीराच्या ऊर्जेपैकी २० टक्के एकटा वापरतो, अशा अवयवाच्या बाबतीत हे उत्तर तोकडे आहे, असे फार थोड्यांना वाटले.

२०१२ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात माइकेन नेडरगार्ड आणि जेफ्री इलिफ यांच्या गटाने उंदराच्या कवटीला एक बारीक खिडकी पाडली, मेंदूभोवतीच्या मेरुद्रवात चमकणारा रंग सोडला आणि तो जिवंत मेंदूत कसा फिरतो ते लेझरच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले. रंग धमन्यांना बाहेरून लगटून असलेल्या अरुंद पोकळीतून खोल आत गेला, पेशींच्या मधल्या जागेत पसरला आणि शिरांच्या कडेने बाहेर पडला. या पोकळीची बाहेरची भिंत मज्जापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींच्या पसरट पावलांची बनलेली असते आणि त्या पावलांवर अ‍ॅक्वापोरिन-४ नावाच्या प्रथिनाची, फक्त पाणी सोडणारी दारे असतात. ज्या उंदरांमध्ये ही दारे जन्मतःच नव्हती, त्यांच्यात कचरा वाहून जाण्याचे काम सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले आढळले. या व्यवस्थेला ग्लिम्फॅटिक संस्था असे नाव पडले.

पोफळीची बाग राखणाऱ्याला ही रचना समजावून द्यावी लागणार नाही. पाट मुळाशी पाणी आणतो आणि चर ते बाहेर काढतो. पाटाकडे सगळ्यांचे लक्ष असते. चरात साचलेला पालापाचोळा आणि गाळ मृगाच्या आधी कुणी फावड्याने उपसला नाही, तर मुळे कुजू लागतात आणि वरचा शेंडा पिवळा पडेपर्यंत कुणाच्या ते ध्यानातही येत नाही. मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा अभ्यास वैद्यकाने कित्येक शतके केला. त्याच्या निचऱ्याचा अभ्यास आत्ता कुठे सुरू झाला आहे.

या निचऱ्यातून जे वाहून जायचे असते त्यातील दोन नावे आता वर्तमानपत्रातही येतात, ती म्हणजे अमायलॉइड बीटा आणि टाउ. ही दोन्ही प्रथिने रोगट मेंदूतच तयार होतात असे नाही. तुमच्या-माझ्या धडधाकट मेंदूतही ती रोज तयार होतात आणि रोज बाहेर जातात. १९०६ साली जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर या आपल्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूत, तिच्या मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली जी किटणे आणि गुंते पाहिले, ते म्हणजे साठून राहिलेली हीच प्रथिने होती. ती साठतात का, याचे एक उत्तर जास्त तयार होतात म्हणून असे असू शकते आणि दुसरे उत्तर पुरेशी बाहेर जात नाहीत म्हणून असे असू शकते. स्मृती ढळवणाऱ्या या आजाराला पुढे अल्झायमर यांचेच नाव पडले, आणि उतारवयात होणाऱ्या सर्वसाधारण अल्झायमरमध्ये दुसऱ्या उत्तराचे पारडे जड आहे, असे आता अनेक संशोधक मानतात.

२०१३ साली रॉचेस्टरच्याच गटाने झोपेचा धागा जोडला. झोपलेल्या आणि भूल दिलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींच्या मधली जागा जागेपणीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि अमायलॉइड जवळजवळ दुप्पट वेगाने बाहेर जाते, असे त्यांनी मांडले. ही बातमी जगभर पसरली, आणि झोप का घ्यायची याचे एक ठसठशीत कारण सगळ्यांच्या हाती आले.

त्यापुढची गोष्ट मला विशेष आवडते. २०१५ साली व्हर्जिनिया विद्यापीठात जोनाथन किप्निस यांच्या गटाने आणि त्याच सुमारास हेलसिंकी येथे कारी आलितालो यांच्या गटाने दाखवून दिले, की मेंदूच्या आवरणांमध्ये खऱ्याखुऱ्या लसीकावाहिन्या आहेत आणि त्या मानेतल्या गाठींकडे उतरतात. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमधून निघालेल्या द्रवाची पुढची वाट अशी सापडली. गंमत अशी, की इटलीतील सिएना येथील शरीरशास्त्रज्ञ पाओलो मास्कान्यी यांनी मृतदेहांच्या वाहिन्यांत पारा भरून १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मेंदूच्या आवरणातल्या अशा वाहिन्यांची नोंद केली होती. दोनशेहून अधिक वर्षे तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी जिवंत माणसांच्या एमआरआय चित्रांत या वाहिन्या दाखवल्या, तेव्हा मास्कान्यी यांचे म्हणणे एकदाचे मान्य झाले.

उंदरांवरून माणसाकडे येताना पाऊल जपून टाकावे लागते. माणसाच्या मेंदूभोवती आणि मणक्यात मिळून सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो, म्हणजे तो रोज तीनचार वेळा बदलतो, एवढे जुने ज्ञान होते. २०१९ मध्ये बॉस्टन विद्यापीठातील लॉरा लुइस यांच्या गटाने माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून पाहिले, तेव्हा गाढ झोपेत या द्रवाच्या मोठ्या लाटा सुमारे वीस सेकंदांच्या अंतराने मेंदूत येताना दिसल्या. जागेपणी अशा लाटा नव्हत्या. त्याआधी २०१८ मध्ये निरोगी माणसांना एक रात्र जागवले असता स्मृतीशी संबंधित भागात अमायलॉइड वाढल्याचे दिसले होते. २०२४ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील संशोधकांनी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या पाच रुग्णांच्या मेरुद्रवात गॅडोलिनियम हे एमआरआय चित्रात उठून दिसणारे द्रव्य सोडून, तो द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनेच माणसाच्या मेंदूत शिरतो हे चित्रांत पकडले.

आणि त्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील निक फ्रँक्स यांच्या गटाने नेमके उलटे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या उंदरांत झोपेत रंगद्रव्याचा निचरा सुमारे ३० टक्क्यांनी आणि भुलेखाली सुमारे ५० टक्क्यांनी कमी झाला होता. नेडरगार्ड यांच्या बाजूचे लोक म्हणतात, की मेंदूत सुई खुपसून रंग सोडला तर निचराच बिघडतो आणि मग त्यावरून काही सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, की पहिल्या प्रयोगांत आत शिरलेला रंग मोजला गेला, बाहेर गेलेला नव्हे. हा वाद मिटलेला नाही. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई म्हणून मला त्याचे वाईट वाटत नाही. मेंदूला निचरा आहे ही बाब आता कुणी नाकारत नाही, आणि झोपेची त्यातील नेमकी कामगिरी किती याचा हिशेब अजून चालू आहे, एवढेच त्यातून घ्यायचे.

पण मला हे सगळे वाचावेसे वाटले ते वर्गासाठी नव्हे. आमच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. वाडीतले लोक त्याला म्हातारचळ म्हणतात आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो. राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या ज्या घरात मी लग्न होऊन आले, त्या घराचा सगळा कारभार एके काळी सासूबाईंच्या बोटांवर होता. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, गड्यांची मजुरी, कोणत्या कुळाचे किती भात यायचे, सगळे तोंडपाठ. दिवसा त्या बऱ्यापैकी असतात. ओटीवर बसून नारळाच्या झापांच्या पात्यांमधली कडक काडी, म्हणजे हीर, काढतात; सुरी पात्यावरून फिरते आणि हीर सरळ निघते, हाताला सारे आठवते आहे. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास मात्र त्या अस्वस्थ होऊ लागतात, आणि रात्री एकदोनच्या पुढे माजघरातून कडी वाजल्याचा आवाज येतो.

मी बॅटरी घेऊन जाते तो त्या मागच्या दाराचा अडसर काढत असतात.

“वासरू बांधलंस का गो?”

“बांधलं आई.”

“आणि म्हशीला पेंड?”

“घातली. तुम्ही पडा जरा.”

गोठा कित्येक वर्षांपूर्वी रिकामा झाला, आता तिथे आमची दुचाकी आणि खताच्या गोणी असतात. हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो, कारण मग त्या जनावरांच्या काळजीने रडू लागतात. यजमान उठायला तयार असतात, उठतातही, पण रात्रीच्या त्या अवस्थेत आपला हा पन्नाशी उलटलेला मुलगा त्यांना ओळखू येत नाही. कुणी परका पुरुष माजघरात शिरला म्हणून त्या आरडाओरडा करतात. म्हणून उठायचे मीच. तास-दीड तास जातो. मग त्या झोपतात आणि मी आढ्याकडे बघत पडून राहते, कारण पहाटे पाण्याचा पंप लावायचा असतो आणि मोडलेली झोप त्या विचाराने परत येत नाही.

अल्झायमरमध्ये झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेने अल्झायमर वाढतो, असे हे दुहेरी चक्र आहे. गाढ झोप वयाबरोबर तशीही कमी होते. ताराकृती पेशींच्या पावलांवरची पाण्याची दारे म्हाताऱ्या उंदरांमध्ये जागा सोडून इतस्ततः विखुरलेली दिसतात. सासूबाईंच्या बाबतीत या ज्ञानाचा उपयोग मर्यादित आहे. या प्रथिनांचे साठणे स्मृती ढळण्याच्या पंधरावीस वर्षे आधी सुरू होते, म्हणजे त्या आंब्याच्या पेट्या मोजत होत्या तेव्हाच. मग हे ज्ञान नक्की कुणाच्या उपयोगाचे?

२०२१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ब्रिटनमधील सुमारे ८,००० सरकारी नोकरांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला आहे. पन्नाशीत, साठीत आणि सत्तरीत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ३० टक्के अधिक आढळले. कमी झोप हेच कारण, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही, हे मान्य. पण त्यातले वय पाहावे. पन्नास आणि साठ. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची शुश्रूषा आपल्याकडे कोण करते? पन्नाशीतली सून, पन्नाशीतली अविवाहित किंवा परत आलेली लेक, सत्तरीतली बायको. ज्या वयात झोप जपायला हवी, नेमक्या त्याच वयात हा आजार घरातल्या दुसऱ्या माणसाची झोप काढून घेतो. अमेरिकेतील युटा राज्यातील कॅश काउंटी या भागात १,२०० हून अधिक वृद्ध जोडप्यांचा दीर्घ अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. ज्यांच्या जोडीदाराला स्मृतिभ्रंश झाला होता, त्यांना स्वतःला तो होण्याचा धोका इतरांच्या सहापट होता. एकाच घरातले अन्न, एकच परिस्थिती, शुश्रूषेचा ताण, एकटेपणा, अशी कारणे त्यात मिसळलेली असणार. मोडलेल्या रात्री त्या यादीत नसतील, असे मला मानता येत नाही.

झोपेच्या या संशोधनाबद्दल जे लेख येतात ते सगळे वाचणाऱ्याला सल्ला देतात: मोबाईल दूर ठेवा, ठरलेल्या वेळी झोपा, खोली काळोखी ठेवा. मी ते वाचते आणि मला हसू येते. आमच्या घरात खोली काळोखी ठेवली तर सासूबाई उंबऱ्याला अडखळतील. झोप ही ज्याची त्याची सवय आहे असे हे लेख गृहीत धरतात. घरात जागणारे माणूस असले की झोप ही वाटणीची गोष्ट होते. कुणाला किती मिळायची ते बाकीच्यांनी काय वाटून घेतले त्यावर ठरते, आणि आपल्याकडे ही वाटणी कुणी तोंडाने बोलून दाखवत नाही. ती सुनेच्या वाट्याला आपोआप येते.

कोकणात तर वाटून घ्यायला माणसेच कमी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईला. गणपतीत आणि शिमग्यात घरे भरतात, एरवी आमच्या वाडीत दर तिसऱ्या घराला कुलूप आणि उघड्या घरांत म्हातारी माणसे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये आणि खेड्यांत अधिक आहे. आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर अशी घरे मला माहीत आहेत. गणपतीला आलेली मंडळी पाच दिवस आईचे कौतुक करतात, ‘आई किती छान बोलली हो’ म्हणतात, आणि विसर्जन आटोपून गाडीला बसतात. रात्री एकदा त्यांनीही उठून पाहावे, असे कुणी त्यांना सुचवत नाही, मीही बरीच वर्षे सुचवले नव्हते.

रात्रीच्या जागरणावर सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे झोपेची गोळी, आणि औषधाच्या दुकानात तो फार सहज सुचवला जातो. म्हाताऱ्या माणसाला या गोळीने तोल जाऊन पडण्याचा आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर पूर्वीपासून सांगत आले आहेत. त्यात आता एक भर पडली आहे. २०२५ च्या आरंभी नेडरगार्ड यांच्या गटाने दाखवले, की गाढ झोपेत नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन मेंदूत संथ लयीत वरखाली होते, त्या लयीबरोबर रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावतात आणि द्रव पुढे ढकलला जातो. झोल्पिडेम ही सर्रास वापरली जाणारी झोपेची गोळी दिलेले उंदीर झोपले, पण ही लय मंदावली आणि द्रवाचा प्रवाह घटला. उंदरांवरचे हे निष्कर्ष पाहून कुणी चालू असलेली गोळी मनाने बंद करू नये. पण डोळे मिटले म्हणजे झोप झाली, या समजुतीला त्यामुळे तडा जातो.

रक्तदाबाकडे मात्र गांभीर्याने पाहायला हवे असे मला वाटते, कारण तो आपल्या हातातला आहे. हा द्रव धमन्यांच्या ठोक्यांनीही पुढे सरकतो. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत रक्तदाब वाढवताच धमनीच्या भिंतीची हालचाल बदलली आणि प्रवाह मंदावला. मेंदूच्या बारीक वाहिन्यांना रक्तदाब इतरही वाटांनी इजा करतो, आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची जी यादी दिली, तीत तो आहेच. मधुमेह आणि ऐकू न येणे हेही आहे. आमच्याकडे पावसाळ्यात सुकी मासळी, खाराची कैरी आणि पापड यांच्याशिवाय पान हलत नाही, आणि रक्तदाबाची गोळी ‘चक्कर आली तर घेते’ म्हणणाऱ्या बायका मी रोज पाहते. सासूबाईही त्यांतल्याच होत्या.

बाजाराला एवढा धीर नसतो. मेंदूची धुलाई करणारे काढे आणि चूर्णे समाजमाध्यमांवर विकायला आली आहेत. कुशीवर झोपल्याने निचरा चांगला होतो, हे २०१५ चे निरीक्षण भूल दिलेल्या उंदरांचे. चेहऱ्याला आणि मानेला हलका मसाज केल्याने द्रव वेगाने उतरतो, हे कोरियातील २०२५ चे निष्कर्षही मुख्यतः उंदरांचेच. कुशीवर झोपायला आणि तोंडाला तेल चोळायला हरकत काहीच नाही, फक्त त्याचे पैसे देऊ नयेत. चीनमध्ये तर मानेतल्या लसीकावाहिन्या शिरेला जोडून देण्याची शस्त्रक्रिया अल्झायमरवर उपाय म्हणून शेकडो इस्पितळांत सुरू झाली होती. पुरेसा पुरावा नसल्याने तिथल्या आरोग्य आयोगाने २०२५ मध्ये ती थांबवली. ज्या निचऱ्याचा नकाशा अजून पुरता काढलेला नाही, त्याच्यावर सुरी चालवायची ही घाई मला भयंकर वाटते, पण ज्यांनी आपल्या माणसाला त्या टेबलावर नेले त्यांना नावे ठेवायला माझी जीभ वळत नाही.

आमच्यापुरते आम्ही काय केले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दुपारचा चहा आणि दुपारची लांब झोप कमी केली, सकाळी सासूबाईंना उन्हात समुद्राच्या पुळणीपर्यंत चालवू लागलो, आणि दिवेलागणीच्या आधीच घरात सगळीकडे दिवे लावू लागलो, कारण संधिप्रकाशातल्या सावल्यांनी त्या बिथरतात. याने रात्री उठणे थांबले नाही, कमी झाले. खरा फरक पडला तो गेल्या गणपतीत. दोन्ही दीर आणि जावा समोर असताना मी सगळ्यांना हे संशोधन समजावून सांगितले, जसे वर्गात सांगते तसे, खडू नव्हता इतकेच. कॅश काउंटीचा आकडा ऐकल्यावर धाकटे दीर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वहिनी, माझं काम लॅपटॉपवरचं आहे. मला इथे कुणी अडवलेलं नाही.”

ते आता महिन्यातले काही दिवस इथून काम करतात आणि त्या दिवसांत माजघरात झोपतात. सासूबाई त्यांना आपला धाकटा भाऊ समजतात, म्हणून आरडाओरडा होत नाही. उलट गोठ्याची चौकशी सोडून त्या त्याला माहेरच्या गोष्टी सांगत बसतात. थोरले दीर निवृत्तीनंतर पावसाळ्याचे दोन महिने येऊन राहायचे म्हणतात, त्यांना आई ओळखतात की नाही ते पाहायचे आहे. मी त्या रात्री वरच्या माडीवर, दार लावून, सलग झोपते. गावातल्या आशाताईंना मी सांगून ठेवले आहे, की म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब मोजायला घरोघर जाल तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या बाईला रात्री किती वेळा उठावे लागते तेही विचारा. त्यांच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही. ‘समासात लिहिते,’ असे त्या म्हणाल्या.